बैलाला सोमवार होता

आमच्या घरी सोमवारी बैल जुंपत नसत. आम्ही मुसलमान, पण सोमवार महादेवाचा आणि बैलही महादेवाचा, हा रिवाज मराठवाड्यातून डोंगरावर येताना वस्तीतल्या सगळ्यांनी सोबत आणला होता, तसा आम्हीही आणला. त्या दिवशी दोन्ही बैल गोठ्यात निवांत रवंथ करत बसायचे आणि त्याच सोमवारी पहाटे अब्बा खांद्यावर टॉवेल टाकून हमालीला निघायचे. मी सात-आठ वर्षांचा असेन. एकदा विचारलं, "बैलाला सुट्टी, मग तुम्हाला का नाही?" अब्बा हसले. म्हणाले, "बैल बैठा तो भी उसकू चारा मिलता. अपन बैठे तो कौन देगा?"

पुढे हा प्रश्न मी विसरूनही गेलो होतो. मागच्या उन्हाळ्यात शेजारच्या एका पोराने तो पुन्हा माझ्यासमोर आणून ठेवला. पोरगा एकवीस-बावीस वर्षांचा. दिवसभर ट्रकमध्ये सिमेंटची पोती भरतो, एकेक ५० किलोचं. पोलीस भरतीची तयारी करतो म्हणून पहाटे चारला उठून डोंगराच्या रस्त्यावर १६०० मीटरचा सराव करतो आणि रात्री परत जोर-बैठका काढतो. नडगी धरून माझ्या ओट्यावर बसला आणि म्हणाला, "चाचा, जितकं जास्त पळतो तितका टाइम वाढतो. माझी मेहनत कमी पडते का?"

मी काही डॉक्टर नाही की कसरतीचा उस्ताद नाही. कविता लिहिणारा माणूस. त्या दिवशी त्याला धड उत्तर देता आलं नाही. मग जुनी पुस्तकं काढली, जुने दिवस आठवले, आणि लक्षात आलं की या पोराच्या नडगीतल्या दुखण्यालाही एक इतिहास आहे. तोच आज सांगायचा आहे.

जिवती म्हणजे चंद्रपूर जिल्ह्याचं दक्षिणेकडचं टोक. माणिकगडच्या डोंगररांगेवरचा हा मुलूख. उताराला लागलं की खाली गडचांदूर, पलीकडे तेलंगण. १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत हे सगळं निजामाच्या हैदराबाद संस्थानात, आदिलाबाद जिल्ह्यातल्या राजुरा तालुक्यात होतं. १९५६ मध्ये राजुरा तालुका मुंबई राज्यात आला, आधी नांदेड जिल्ह्याला जोडला गेला आणि १९५९ मध्ये चांदा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या चंद्रपुरात आला.

संस्थानी काळात इथल्या गोंड-कोलामांना वेठ चांगली ठाऊक होती. अंमलदार दौऱ्यावर आला की त्याचं सामान वाहायचं, त्याच्यासाठी पाणी-लाकूड आणायचं, स्वतःच्या वावरातलं काम तसंच टाकून जायचं, आणि मजुरीचं नाव काढायचं नाही. याच डोंगरांच्या दक्षिणेला जोडेघाटला १९४० मध्ये कोमराम भीम मारला गेला. त्यानंतर निजाम सरकारने हायमेनडॉर्फ या मानववंशशास्त्रज्ञाला इथल्या आदिवासींची स्थिती पाहायला पाठवलं. वेठ म्हणजे फुकटचं काम, असं आपण समजतो. पण तिच्यात आणखी एक गोष्ट असते. केव्हा थांबायचं हे राबणाऱ्याच्या हातात नसतं. हे ध्यानात ठेवा, कारण पुढची सगळी गोष्ट याच्याभोवती फिरते.

आम्ही इथे आलो ते १९७२ च्या दुष्काळानंतर. मराठवाड्यातली कितीतरी भूमिहीन माणसं त्या आगेमागे या डोंगरावर आली. त्याआधी अब्बा-अम्मी दोघंही दुष्काळी कामावर खडी फोडत होते. १९७३ च्या मे महिन्यात महाराष्ट्रात अशा कामांवर जवळजवळ ५० लाख माणसं होती. त्या गर्दीतली ही दोन. अम्मी सांगायची की पहिल्या आठवड्यात तळहातावर फोड येतात, दुसऱ्या आठवड्यात फुटतात आणि तिसऱ्या आठवड्यात हात आपला राहतच नाही.

डोंगरावर थोडं वावर मिळालं. पण कपाशी-ज्वारीच्या तेवढ्या तुकड्यावर घर चालत नव्हतं. मग पावसाळ्यात वखर-डवरा, दिवाळीनंतर कापूस वेचणी, ती संपली की हमाली, आणि उन्हाळ्यात तेंदूपत्ता. आजही इथली कितीतरी कुटुंबं जानेवारी ते मार्च तेलंगणात मिरची तोडायला जातात. जुन्या शेतीत सुगीनंतर अंग टाकायला दोन महिने मिळत. बारमाही मजुरीने ते दोन महिने कधी गिळले ते कुणाला कळलंच नाही.

अब्बा तरुणपणी पहिलवानी करायचे. गावच्या उरुसात नारळावरच्या कुस्त्या खेळलेले. त्यांच्या उस्तादांचा कायदा कडक होता. जोर-बैठका मोजून, मग मालिश, मग खुराक आणि मग झोप. कुस्तीच्या आदल्या दिवशी पोरगं चोरून बैठका मारताना सापडलं तर उस्ताद काठी उगारायचे. "मेहनत अंग मोडती, नींद अंग जोडती," असं ते म्हणायचे म्हणे. डोंगरावर आल्यावर अब्बांची तालीम सुटली. मी विचारलं तर हातातलं पोतं दाखवून म्हणायचे, "इसके ऊपर और कायकी कसरत?"

राबणाऱ्याला व्यायाम कशाला? आपल्याकडे हे वाक्य इतक्या सहज म्हटलं जातं की ते खोटं असेल अशी शंकाही येत नाही. जो दिवसभर ओझं वाहतो त्याचं शरीर आपोआप कमावलेलं, असं आपण धरून चालतो. १९५३ मध्ये लंडनला जेरी मॉरिस नावाच्या डॉक्टरने बसगाड्यांवरच्या कामगारांचा अभ्यास छापला. दिवसभर बसून गाडी हाकणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षा, दुमजली बसच्या पायऱ्या चढणाऱ्या-उतरणाऱ्या कंडक्टरांना हृदयविकार कमी होता. हालचाल चांगली, हे तेव्हापासून जगाने मान्य केलं, आणि ते खरंच आहे. पण पुढे संशोधकांना एक कोडं पडलं. २०१८ मध्ये अनेक देशांतले अभ्यास एकत्र करून पाहिले गेले, तेव्हा कामावर जड अंगमेहनत करणाऱ्या पुरुषांत लवकर मृत्यूचा धोका हलकं काम करणाऱ्यांपेक्षा १८ टक्क्यांनी जास्त दिसला. फावल्या वेळातला व्यायाम आयुष्य वाढवतो आणि कामावरची मेहनत मात्र ते वाढवताना दिसत नाही. हे कसं?

तज्ज्ञ जी कारणं देतात ती ऐकली तर अब्बांचे उस्ताद हसले असते. व्यायाम थोडा वेळ असतो, दम लागला की थांबता येतं, दुसऱ्या दिवशी सुट्टी घेता येते. हमाली आठ-दहा तास चालते, पुन्हा पुन्हा त्याच सांध्यावर येते, आणि दम लागला म्हणून ट्रक थांबत नाही. ताण पडला की स्नायू बारीक बारीक ठिकाणी दुखावतो. तो पुन्हा भरून येतो, आधीपेक्षा थोडा पक्का होतो, पण हे काम चालतं विश्रांतीत. मणक्यांमधल्या चकत्या दिवसभराच्या ओझ्याने दबतात, त्यांतलं पाणी कमी होतं. रात्री आडवं झाल्यावर त्या पुन्हा पाणी ओढून घेतात. म्हणून तर माणूस संध्याकाळपेक्षा सकाळी किंचित उंच असतो. हाडाचंही तसंच. रोज थोडं झिजतं, रोज थोडं भरतं. भरायला वेळच दिला नाही तर नडगीचं हाड तडकतं. तेव्हा अंग कमावलं जातं ते मेहनत आणि विसावा या जोडीने. एकट्या मेहनतीने अंग फक्त खर्च होतं.

विसाव्याची ही गरज आपल्याकडे कुणालाच कळली नव्हती असं मात्र नाही. ती जिथे कळली होती तिथे ती मागावी लागली, आणि मागून बरीच वर्षं मिळाली नाही. आज तुम्ही ही पुरवणी ज्या रविवारच्या निवांतपणात वाचता, तो रविवार मुंबईच्या गिरणी कामगारांनी मिळवला.

नारायण मेघाजी लोखंडे हे सत्यशोधक चळवळीतले कार्यकर्ते. १८८० पासून मुंबईत 'दीनबंधु' चालवत. त्या काळी गिरणी सूर्योदयाला सुरू व्हायची आणि सूर्यास्ताला थांबायची. ठरलेली साप्ताहिक सुट्टी नव्हती. १८८४ च्या सप्टेंबरात लोखंड्यांनी परळला कामगारांच्या सभा घेतल्या आणि ५,५०० कामगारांच्या सह्यांचा अर्ज सरकारच्या कमिशनपुढे गेला. त्यातल्या मागण्या आज वाचल्या तरी अंगावर काटा येतो, इतक्या त्या साध्या आहेत. दर रविवारी पूर्ण सुट्टी. दुपारी अर्धा तास विश्रांती. काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला थांबावं. पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत मिळावा. आणि पाचवी मागणी अशी की कामावर इजा झाली तर कामगार बरा होईपर्यंत त्याला पूर्ण पगार द्यावा, आणि तो कायमचा निकामी झाला तर त्याच्या पोटापाण्याची सोय करावी.

पाच मागण्यांपैकी तीन विसाव्याच्या आणि एक बरं होण्याची. जास्त मजुरी द्या, असं त्यात नव्हतं. माझं अंग मला परत द्या, एवढंच ते मागत होते. सहा वर्षं गेली. २४ एप्रिल १८९० ला महालक्ष्मीच्या मैदानावर सुमारे १०,००० कामगार जमले. त्या सभेत दोन स्त्रियाही बोलल्या. १० जून १८९० ला गिरणीमालकांच्या संघाने रविवारची सुट्टी मान्य केली आणि १८९१ च्या कायद्यात साप्ताहिक सुट्टी व अर्ध्या तासाची विश्रांती आली. लोखंडे १८९७ च्या प्लेगमध्ये गेले.

तास कमी व्हायला मात्र आणखी अर्धं शतक लागलं. १९१९ मध्ये वॉशिंग्टनला भरलेल्या पहिल्या आंतरराष्ट्रीय मजूर परिषदेने आठवड्याला ४८ तास ठरवले, पण ब्रिटिश हिंदुस्थानापुरता आकडा ६० ठेवला. जणू इथलं हाड वेगळ्या मातीचं! व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात डॉ. आंबेडकर मजूर खात्याचे सदस्य असताना, १९४६ मध्ये, आपल्याकडे कारखान्यांसाठी ४८ तासांचा आठवडा कायद्यात आला.

याच गिरणगावात एक गोष्ट अशी होती जी मला फार काळ कळली नाही. दहा-दहा तास गिरणीत उभे राहणारे कामगार संध्याकाळी तालमीत जायचे. चाळीचाळीच्या आसपास तालमी आणि आखाडे होते. इतकं थकल्यावर आणखी जोर कशाला? मला आज वाटतं, त्यांना फरक कळत होता. साच्यावर अंग एकाच बाजूला वाकतं, एकच हात हलतो. तालमीत सगळं अंग हलतं. आणि गिरणीत अंगाचा मालक दुसरा असतो. भोंगा त्याचा, साचा त्याचा. तालमीत किती जोर काढायचे आणि केव्हा मातीत पडून राहायचं, हे ज्याचं तो ठरवतो. कष्ट तेच, पण थांबण्याचा हक्क आपला. पण हेही खरं, की तालमीत जायला आधी संध्याकाळ हातात असावी लागते. ती संध्याकाळ सभा-अर्जांनी मिळवलेली होती.

हा सगळा कायदा कारखान्याच्या फाटकाच्या आतला. फाटकाबाहेर पोतं वाहणाऱ्याचं काय? हमालाचा मालक कोण, हेच ठरत नव्हतं. व्यापारी म्हणे माझा नाही, ट्रकवाला म्हणे माझा नाही. मुंबईत अण्णासाहेब पाटलांनी माथाडींना आणि पुण्यात बाबा आढावांनी हमाल पंचायतीत हमालांना एकत्र केलं. १९६९ मध्ये महाराष्ट्राने माथाडी, हमाल आणि इतर अंगमेहनती कामगारांसाठी वेगळा कायदा केला. अंगमेहनत हा शब्द कायद्याच्या नावात आला. मंडळं झाली, हमालांची नोंद होऊ लागली, भविष्य निर्वाह निधी आला. पोत्याच्या वजनाचाही झगडा होता. आमच्या लहानपणी क्विंटलचं पोतं सर्रास पाठीवर यायचं. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९६७ मध्येच प्रौढ पुरुषासाठी ५५ किलोची शिफारस केली होती. वजनाबद्दलच्या त्या कराराला भारताने मान्यता दिली २०१० मध्ये. हमाल संघटनांनी ५० किलोच्या पोत्याचा आग्रह धरला, तो याच हाडांच्या हिशेबाने.

अब्बांपर्यंत यातलं फारसं काही पोचलं नाही. ते ज्या ठिकाणी हमाली करत तिथे टोळीचा मुकादम होता, नोंदवही नव्हती. एका पावसाळ्यात ओल्या फळीवरून पाय घसरला आणि पाठीवरच्या पोत्यासकट ते खाली आले. तिसऱ्या दिवशी पुन्हा कामावर गेले, कारण चौथ्या दिवशी टोळीत दुसरा माणूस उभा राहिला असता. पाठ तेव्हा दुखली ती कायमची. पन्नाशीच्या आतच त्यांना ताठ चालता येईनासं झालं. लोखंड्यांची १८८४ ची पाचवी मागणी मी पहिल्यांदा वाचली तेव्हा मला तो तिसरा दिवस आठवला.

आणि आठवली ती पोळ्याच्या आदल्या दिवसाची संध्याकाळ. आमच्याकडे त्या दिवशी बैलांचे खांदे शेकतात. वर्षभर जू वाहून ज्या जागी घट्टे पडतात तिथे हळद आणि तूप चोळायचं, गरम फडक्याने शेक द्यायचा. अब्बा हे फार मन लावून करत. एका वर्षी दोन्ही बैलांचे खांदे शेकून झाल्यावर अम्मीने वाटीत उरलेलं हळद-तूप उचललं, अब्बांना ओट्यावर बसवलं आणि सदरा खाली ओढून त्यांच्या खांद्याला लावलं. बैलाच्या आणि त्यांच्या खांद्यावरचा घट्टा सारखाच होता. दोघंही काही बोलले नाहीत. मी कंदील धरून उभा होतो.

ही आठवण मी कितीतरी वर्षं लोकांना सांगत आलो. अलीकडे ती सांगताना अडखळतो. कारण त्या संध्याकाळी अम्मीनेही चार खेपा पाणी आणलं होतं. डोंगरावर उन्हाळा तर सोडाच, पोळ्याच्या दिवसांतही पाणी उतारावरून डोक्यावर आणावं लागायचं. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर हंडा, हंड्यावर कळशी. तिच्या मानेला कुणी शेक दिला? बैलाला सोमवार होता, गिरणीतल्या माणसाला रविवार मिळाला, अब्बांना जुम्म्याच्या नमाजाइतका तरी वेळ मिळायचा. अम्मीच्या वाट्याला आठवड्यातला कुठला वार आला, हे मला आजही सांगता येत नाही. १८९० च्या सभेत त्या दोन बायका उठून काय बोलल्या असतील, याचा विचार मी म्हणूनच पुन्हा पुन्हा करतो.

तर तो पोरगा. पुढच्या खेपेला तो आला तेव्हा मी त्याला आधी डॉक्टरकडे धाडलं. नडगीत एकाच जागी बोट ठेवून दुखणं दाखवता येत असेल, तर ते अंगावर काढायचं नसतं. तिथून आल्यावर त्याच्याशी बसून हिशेब केला. ज्या दिवशी शंभर-दीडशे पोती उचलली त्या रात्री बैठका नाहीत. पायांचा व्यायाम पोत्यांनीच झालेला असतो. धावणं रोज नको, एक दिवसाआड, आणि तेही डोंगराच्या उतारावर नको. पोतं उचलून जी बाजू सतत वाकते तिच्या उलट अंग ताणायचं. पाणी, डाळ, अंडं यात काटकसर नाही. पहाटे चारला उठायचं असेल तर रात्री नऊला मोबाइल बंद. आणि आठवड्यातला एक दिवस असा, की ना धाव, ना जोर.

तो म्हणाला, "चाचा, बाकीची पोरं पळत असतील ना त्या दिवशी. मी मागं पडीन." मी म्हटलं, मागे पडणार नाहीस, त्या दिवशी तुझं हाड भरत असेल. त्याला पटलं की नाही, कळलं नाही. एक दिवसाची हजेरी बुडवणं त्याला परवडत नाही, हेही मला माहीत आहे. नुसत्या सल्ल्याने विसावा मिळत नाही. तो मिळवायला १८८४ मध्ये ५,५०० सह्या लागल्या होत्या. तो ज्या ठिकाणी पोती भरतो तिथल्या टोळीची नोंद माथाडी मंडळाकडे आहे का, हे विचारून यायला मी त्याला सांगितलं आहे. तो अजून विचारतोच आहे.

परवा सोमवारी पहाटे मी फिरायला निघालो. उजाडत होतं. रस्त्यावर तो दिसला नाही. परतताना त्याच्या अंगणात डोकावलो. बाजेवर पांघरूण डोक्यावरून घेऊन तो झोपला होता, आणि त्याची आई पाण्याला निघाली होती.

मी तिच्या हातातली एक कळशी घेतली.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)